भितर कोण आसा?

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

परत पडला! चौथ्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी. टेबलावरचा आमच्या कंपनीचा राउटर – दिवे गेले, आले, आणि पडद्यावर आकड्यांची रांग ओकून गप्प. गिऱ्हाइकांकडेही असेच डबे आपोआप बंद पडतायत. दोष कर्नलमध्ये. यंत्राच्या पोटात बसून सगळा कारभार बघणारा प्रोग्राम तो, तोच कोसळला की बाकी कोणाचं काही चालत नाही. त्यातही नेटवर्कच्या भागात. म्हणजे माझ्या गळ्यात.

निखिलला बंगळुरूला कळवलं. आमचा टीम लीडर, मूळ बांद्याचा, माझ्याहून लहान आणि माझ्याहून शांत. घाई करू नका म्हणाला. मला हे सांगणारा हा जगातला दुसरा माणूस. पहिले गोकुळदास सर.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आमच्या हळर्णात आज तीनदा वीज गेली. एरवी वीजवाल्यांचा उद्धार केला असता. आज वहीत वेळा टिपून ठेवल्या! राउटर इन्व्हर्टरवर आहे, नेटचा डबा नाही. तो बंद झाला की राउटरला वाटतं तार तुटली. तिसऱ्या वेळी त्याच क्षणी पडला. म्हणजे तार तुटतानाच काहीतरी होतंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सापडलं नाही, पण वास लागला. वापरून सोडून दिलेल्या मेमरीत खूण भरायची सोय असते – सहा-बी, सहा-बी, सहा-बी. कोणी चुकून त्या रिकाम्या केलेल्या जागेत पाय ठेवला की खूण तळव्याला लागते. आज पडताना पडद्यावर तेच. सहा-बी, सहा-बी. कोणीतरी दुसऱ्याला दिलेल्या खोलीत अजून आपलं घर समजून शिरतंय.

ही खूण मला पहिल्यांदा सरांनी दाखवली. पेडण्याच्या बसस्टँडजवळ, रंगाच्या दुकानावरची ती खोली. सर झेरॉक्सची यंत्रं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आणि वेळ मिळेल तसे आम्हां कॉलेजच्या मुलींना शिकवायचे. फी म्हणून कोणी काजू आणायचं, कोणी काहीच नाही. खाली रंगाचा वास, वर सोल्डरचा. अजून कुठे घर रंगवताना बघितलं की मला एकदम अभ्यास आठवतो! पडद्यावर अशी रांग आली की मी वैतागून बटण दाबायला जायचे. सर हात धरायचे.

“तो रडना गो, सांगता. आयक.”

रडत नाहीये तो, काहीतरी सांगतोय. किती दिवसांनी त्यांचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला. जाऊन तीन वर्षं झाली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडला. आणि सापडला नसता तर बरं झालं असतं.

आधी कसा सापडला ते. राउटरमध्ये एक टायमर असतो, थोड्या-थोड्या वेळाने उठून तार जिवंत आहे का बघणारा. मी त्याच्या कामात मुद्दाम थोडा उशीर घातला, म्हणजे तो मध्येच सापडण्याची शक्यता वाढेल. आणि तार काढली. पडला! परत काढली. परत पडला! दहापैकी दहा. नाचलेच मी स्वयंपाकघरापर्यंत. आई म्हणाली, गॅसवर दूध आहे, तिकडे नाच.

कारण एवढंसं. तार तुटली की कर्नल टायमरला सांगतो, बंद हो. सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, सांगायचं आणि तो कामाच्या मध्ये असेल तर संपेपर्यंत थांबायचं. दुसरी, सांगायचं आणि चालू पडायचं. इथे दुसरी वापरलीय. टायमर अजून आत काम करतोय, आणि ह्याने खोली रिकामी करून दुसऱ्याला दिलीसुद्धा. एका ओळीची चूक.

मग बघितलं, ही ओळ कोणाची. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, आणि प्रत्येक ओळीमागे नाव आणि तारीख असते.

२००९. गोकुळदास सर.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज काही काम केलं नाही. नुसती तो दिवस आठवत बसले. सरांचा पॅच – कर्नलमधली दुरुस्ती म्हणजे पॅच – जगभरातल्या लोकांनी तपासून आत घेतला तो दिवस. पेडण्यातल्या माडीवरून लिहिलेल्या सात ओळी! मी एकोणीस वर्षांची. सरांनी सगळ्यांना पातळ भाजी आणि उंडे पाव खायला घातले, हात रश्शाचे म्हणून कीबोर्डला कोणाला हात लावू दिला नाही. मी सर्वात मोठ्याने ओरडत होते. का, ते आता आठवत नाही. तेव्हा कशालाही ओरडायचे.

आणि शेवंती आठवली. खोली झाडायला यायची. एकदा सरांनी दुपारी एक वाजता शटर ओढलं, जेवायला गेले, झोपून साडेतीनला आले – आणि शेवंती आत! मागे पाणी आणायला गेली होती. शटर ओढताना सरांनी हाक मारली होती म्हणे, पण उत्तराला थांबले नव्हते. तिने त्यांना त्यांच्याच दुकानात असं काही सुनावलं की खालचा रंगवाला वर आला. त्या दिवसापासून सर शटर अर्धं ओढायचे, वाकून हाक मारायचे, “भितर कोण आसा?” आणि मग थांबायचे. खरोखर थांबायचे. आम्ही बाहेर उन्हात उभ्या, माझी हळर्णाची बस सुटायला आलेली, आणि सर उत्तराची वाट बघतायत रिकाम्या खोलीच्या! मी चिडायचे. सर, कोणी नाहीये, चला ना.

असा माणूस. आणि ह्या ओळीत नेमका तोच थांबला नाही? पटत नाही मला.

सोमवार, १० नोव्हेंबर

कमलाक्षीकाकींचा फोन. सरांच्या पत्नी. रविवारी सोळा तारखेला आमच्या शाळेत नवीन कॉम्प्युटरची खोली उघडणार, सरांचं नाव देणार. मी बोलायचं आहे. हे मला महिनाभर माहीत होतं. नवीन ते पुढचं – काकींनी म्हापशाहून त्या सात ओळी फ्रेम करून आणल्यात. भिंतीवर लावायला.

“सरांचें काम अजून चलता मगो?”

चालतं म्हटलं. खोटं नाही. जगात असंख्य डब्यांत चालतंय, आणि पडतंय.

चुकीची ओळ त्या सातांतलीच पाचवी. काचेच्या आत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझा पॅच तयार. निखिलला पाठवला. लगेच फोन. कोणत्या जुन्या पॅचमुळे चूक आली, त्याचं नाव सांगणारी ओळ का नाही घातली? घालायची पद्धत आहे. ती बघूनच जुन्या आवृत्त्या सांभाळणारे ठरवतात, दुरुस्ती किती मागे न्यायची. नाही घातली तर जुने डबे पडतच राहणार.

मग सांगितलं, तो पॅच माझ्या सरांचा. तो म्हणाला, “सुविधाताई, ते नाव म्हणजे शिक्षा नव्हे. पत्ता आहे.”

पटलं. तरी म्हटलं, सोळा तारीख जाऊ दे, सतराला पाठवते. आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली. गिऱ्हाइकांचे डबे पडतायत आणि मी कार्यक्रम उरकायची वाट बघतेय. आयुष्यभर सगळ्यांना चला-चला करणारी मी!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्कूटर काढून पेडण्याला गेले. काकींना न सांगता त्या खोलीत उभं राहून बोलणं मला जमलं नसतं. माडीवर आता ब्यूटी पार्लर आहे. शटर तेच.

काकींना सगळं सांगितलं, टायमर, शेवंती, पाचवी ओळ. फ्रेम टेबलावरच होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण पदराने काच पुसली.

“ते आसते जाल्यार तेणींच दुरुस्त केली आसती. तू कर. फ्रेम काय, दुसरी करूंक येता.”

मग कपाटातून सरांची फाइल काढून दिली. त्या पॅचचे कच्चे कागद आहेत त्यात, सोळाला बोलताना उपयोगी पडतील म्हणाल्या. मला उघडायचा धीर झाला नाही, तशीच घेऊन आले. निघताना त्या दारात उभ्या राहिल्या, मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फाइल उघडली. पहिल्या कच्च्या कागदावर पाचवी ओळ थांबणारी आहे. बरोबर आहे! तिच्यावर पेन्सिलीची काट, आणि बाजूला माझं अक्षर – “सर, थांबायची काय गरज?”

खाली सरांचं: “सुविधाच्या सांगण्यावरून थांबणे काढले. तिचे नाव घालूया म्हटले तर नको म्हणाली. एका ओळीला कसले नाव, म्हणे.”

सोळा वर्षं माझी चूक सरांच्या नावावर राहिली. आज पॅच पाठवला – सरांच्या पॅचचं नाव घातलं, आणि खाली माझं, की थांबणं काढायला लावणारी मी. उद्या शाळेत पहिलं वाक्यही हेच.