शशिलता उठली नाही

८ मार्च १९५८, शनिवार
साक्षरता वर्गाचे मास्तर म्हणतात, आजी, रोज लिहा, हात सुटेल. म्हणून लिहिते. घरात वाचणारं कोणी नाही, तेच बरं. उकंडा, माझा पोरगा, अकोल्याच्या मिलमधी. सून लखमा माहेरी, रिठदले.
माहेरी म्हणजे भांडून. तिनं वरण जाळलं. मी म्हटलं, जा, विहिरीत पड. तिनं पळी खाली ठेवली, पदर खोचला अन् मागच्या दारानं निघाली. विहीर मागेच आहे. पण रिठदची वाटही तिकडूनच जाते. ती रिठदलेच गेली.
निरोप नाही आला. माहेरी जाऊन निरोप कोण धाडते? होळीले येईल म्हटलं होतं. होळी झाली. आता रंगपंचमीले येईल. मी बोलावणार नाही. ठरलं.
शेजारची अमीनाबी सांगत आली, वाशिमले सिनेमातले लोक नाटक करून राह्यले. खरेखुरे. शशिलता पण आहे. जाणार!

९ मार्च, वाशिम, दुपार
रिसोडहून निघालो. मोटर रिठदच्या फाट्यावर थांबली. अमीनाबी म्हणे, उतर की बुढ्ढी, पूछ ले, बहू पहुँची का नाही. म्हटलं, मी नाटकाले निघाली, सोयरिकीले नाही. डोळ्यात धूळ गेली म्हणून गावाकडे पाहिलं नाही.

१० मार्च, सकाळ, अमीनाबीच्या बहिणीचं घर
नाटक पाहिलं. काही विशेष नाही.
सिनेमात शशिलताचं तोंड केवढं मोठं दिसते, डोळे दरवाज्याएवढे. इथं पाहतो तर एवढुशी. आमच्या लखमाएवढी. चालणंही तसंच, टाच आपटत. अमीनाबीनं मले कोपरानं ढोसलं. मी लक्ष दिलं नाही.
ष्टेजवर सगळा अंधार. एकच निळा लाईट. सासू झाली होती ती सिनेमात नेहमी देवभोळी माय होणारी बाई. ती सुनेले म्हणे, जा, विहिरीत पड. माझे शब्द त्या नाटकवाल्याले कोणी सांगितले कोण जाणे. तसं पाहिलं तर सगळ्याच सासवा म्हणतात. बोलायची रीत आहे ती.
शशिलता उठली, पदर खोचला, अंधारात गेली. मग पाण्याचा आवाज झाला. धप्प. अन् पडदा पडला. संपलं!
ही काय तऱ्हा? आमच्या गावच्या दंडारीच्या खेळात मेलेलं माणूस असं टाकून देत नाहीत. खेळ संपला की ज्यानं मारलं त्यानंच पाणी शिंपडायचं, गूळ भरवायचा, नाव घेऊन उठवायचं. ते उठलं हे सगळ्यांनी पाहायचं, मग घरी जायचं. नाही तर ते मरण मोकळं फिरते.
मी उभी राहून ओरडली, उठवा व तिले! लोक हसले. एक जण म्हणे, आजीले घरी न्या. मी काही भेली नव्हती. त्याहिले रीत शिकवत होती.

११ मार्च
घरी आली. येताना फाट्यावर झोप लागली होती. अमीनाबी म्हणते, तू जागीच होती. तिले काय माहीत.
भर दुपारी परसात ओलं लुगडं झटकल्यासारखा आवाज आला. गेली तर कोणी नाही. दोरी रिकामी. खाली जमीन मात्र ओली होती.
मांजर असेल.

१२ मार्च
मांजर ओली असते का? असू शकते.
रंगपंचमी होऊन गेली. लखमाले काम असेल. हरभरा निघाला आहे.
आजपासून अमीनाबीच्या विहिरीवरून पाणी आणते. आमचं मचूळ झालं. अमीनाबीनं आमचं पाणी पिऊन पाहिलं. म्हणे, शक्कर है शक्कर. तिची जीभ पानानं मेली आहे.

१३ मार्च, दुपार
रहाट वाजला. वारा नव्हता. पिंपळाचं पान हलत नव्हतं अन् रहाट कुरकुर करत होता, कोणी जड काही वर ओढून राह्यलं तसा.
मी ओरडली, कोण हाय व? रहाट थांबला. हे जास्त वाईट.
विहिरीत डोकावली नाही. कमर धरली होती.
आता समजलं. शशिलताले कोणी उठवलं नाही, ते मरण माझ्या मागं मोटरीत बसून आलं. मीच एकटी ओरडली होती, म्हणून मलेच ओळखलं. उपाय सोपा. नाटकाची पार्टी उद्या वाशिमहून आगगाडीनं जाते. तिले जिती पाहायची, गूळ भरवायचा. काम खतम.

१४ मार्च
झालं! अमीनाबी सोबत आली, म्हणे, तमाशा देखना है.
शशिलता डब्यात खिडकीशी बसून संत्रं सोलत होती. पावडर नाही, डोळ्याखाली काळं. सांगितलं, बाई, तू मेली अन् तुले उठवलं नाही, हा गूळ खा. तिच्यासोबतचा माणूस हाकलायले उठला. तिनं त्याले बसवलं. म्हणे, आजी, मी रोजच मरते, उद्या हिंगोलीत मरायचं आहे. अन् गूळ खाल्ला. सगळा. बोट पण चाटलं. गुणी आहे पोरगी.
अमीनाबी म्हणे, ये तो जिंदी है. अब दुसरी को भी देख ले, रास्ते में तो है.
रिठदच्या फाट्यावर पाय मोकळे करायले उतरली. गावाकडून एक बाई येत होती. टाच आपटत नव्हती. मग परत चढली.
आता घर शांत.

१५ मार्च, दुपार
वाजला. रहाट. लुगडं पण.
विचार केला. चूक माझीच, पण बारकी. ज्यानं मारलं त्यानंच गूळ द्यायचा असतो. म्हणजे नाटकातल्या सासूनं. मी दिला. माझा काय संबंध? म्हणून लागू पडला नाही.
हे अमीनाबीले सांगितलं. ती हसली नाही. अमीनाबी हसली नाही की मले आवडत नाही. म्हणे, रुपाबाई, तूने किसको बोली थी? गूळ उसको खिला.
मी तिले घराबाहेर काढलं. ती बाहेर उभी राहून म्हणे, तेरा लडका आ रहा है. निजामुद्दीन, तिचा नवरा, अकोल्याहून निरोप घेऊन आला होता. उकंडा बुधवारी येते. विचारलं आहे, लखमा बरी आहे ना.

१६ मार्च
मागचं दार लावून घेतलं. उघडलं. परत लावलं.
लखमानं आमची चाळणी नेली आहे. आत्ताच आठवलं. चाळणीवाचून माझं नडते. उद्या रिठदले जाईन. चाळणीसाठी. गूळ वाटेत तोंडात टाकायले.

१८ मार्च, मंगळवार
काल गेली होती. फाट्यापासून गावापर्यंतची वाट सरेना. ऊन फार.
खळ्यावर बाया हरभरा उफणत होत्या. भुशाच्या धुळीत कोणाचं तोंड दिसेना. मग एक टोपलं खाली आलं अन् त्यामागं लखमा.
मी खाली बसली. जागा साफ होती म्हणून.
तिनं पाणी दिलं. मामी, काहून आल्या? म्हटलं, चाळणी. ती म्हणे, तुमची चाळणी तुमच्याच चुलीमागं खुंटीले हाय. मग मी गूळ काढला. म्हटलं, लखमा, खा. चारचौघीत नाव घेऊन म्हटलं. बाया हसू लागल्या, बुढीनं सुनेले गूळ आणला म्हणून.
लखमा हसली नाही. खाली बसून हळूच म्हणे, मामी, तुमी म्हटल्या तशी गेलती मी विहिरीपाशी. कठड्यावर बसली, पाय आत सोडले. पाणी लई खाली होतं. मग भूक लागली, म्हून इकडं आली.
मी म्हटलं, चाल घरी.
ती म्हणे, विहिरीनं नेलं नाई मले. तुमी बी नेऊ नका.
गूळ घेतला तिनं. खळ्यावरच्या बैलाले चारला.
रागात आहे. चार दिवसांत येईल. उद्या उकंडाले सांगीन, हरभऱ्याच्या कामाले मीच ठेवून आली. चारदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. नीट येते.
आज दुपारभर मागचं दार उघडं टाकून परसात बसली. रहाट वाजला नाही. लुगडं झटकलं नाही. कोण हाय व, म्हणून दोनदा विचारलंही.
कोणी नाही.
भूत होतं तेच बरं होतं. घरात बाईमाणूस तरी होतं.