अण्णांचं ‘येऊ दे’

पारनेर, मंगळवार संध्याकाळ

सुट्टीवर घरी आले. बोळात गाडी मागं घेत होते आणि अण्णा मागं उभे राहून हात हलवत होते, “येऊ दे, येऊ दे...” तेवढ्यात गाडीचा सेन्सर वाजला. माझा पाय ब्रेकवर.

“अगं येऊ दे! मी हाय ना मागं?”

मी हललेच नाही. उतरून बघितलं तर भिंत चांगली हातभर लांब. अण्णांचंच बरोबर होतं.

गेल्या आठवड्यात विमानातही हेच. जमिनीवरच्या कंट्रोलरने रेडिओवर खाली यायला सांगितलं, मी विमान खाली घेत होते. तेवढ्यात टक्कर टाळायचं यंत्र बोललं, ‘क्लाइंब, क्लाइंब’. वर चढ. अशा वेळी माणसाचं नाही, यंत्राचं ऐकायचं, असा नियमच आहे. ऐकलं. चढले. दुसरं विमान ढगात होतं, दिसलंसुद्धा नाही. शेजारून कॅप्टन म्हणाले, छान. मागं प्रवाशांना चहा दिला गेला.

भीती कधी वाटणार? अजून वाटलेली नाही. जेवण जातंय, झोप लागतेय. हे बरं की वाईट?

भिंत हातभर लांब होती. आणि तिथं? तिथं उतरून बघता येत नाही.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. अण्णा जेवतानाही रुसलेलेच. “बापावर इस्वास न्हाई. विमानात तरी ऐकती का कुनाचं?”

“ऐकते,” म्हटलं.

कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.