एक जागा रिकामी

सोमवार, २१ एप्रिल २०२५

आले बाई एकदाची आरोंद्याला! रात्रभर रेल्वे, सावंतवाडीहून तासभर रिक्षा, कंबरेचा पार भुगा. पण पडवीत बसून आग्नेसमावशींच्या हातचा चहा घेतला आणि सगळा शीण गेला. समोर माड, माडांपलीकडे खाडी, आणि इंटरनेट आमच्या पुण्याच्या ऑफिसपेक्षा वेगवान. मला आणखी काय पाहिजे? डोळ्यांच्या डॉक्टरांनी कामानंतर स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून दम दिलाय, म्हणून ही वही.

घरात दोघंच. आग्नेसमावशी सत्तरीच्या, गुडघे दुखतात पण जीभ ठणठणीत. त्यांचा धाकटा भाऊ इनासमामा, ज्यांचं आयुष्य खाडीत होडी वल्हवण्यात गेलं. दोघांनी आल्या आल्या प्राजूची चौकशी केली. मार्चमध्ये ही भाड्याची जागा बघायला आम्ही मायलेकी आलो होतो तेव्हा माझा ऑफिसचा फोन काही संपेना. मी खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येरझारा घालत होते आणि बाईसाहेब आत गोल मेजाशी, ह्या दोघांच्या मध्ये बसून शहाळं पीत होत्या. सात वर्षांची कार्टी, पण ओळख काढण्यात आईच्या वरताण. शनिवारी मितेश तिला इथे सोडून जाईल. मग महिनाभर आम्ही दोघी, खाडी आणि मासे. नवरा राहू दे तिकडे डबा खात!

बुधवार, २३ एप्रिल

इनासमामांनी आज विचारलं की मी दिवसभर काय बडवत असते. म्हटलं, कॉम्प्युटरला बाहेरून निरोप येतात, ते गोल मांडलेल्या खणांत पडतात. एक हात ठेवत जातो, दुसरा मागून काढत जातो, दोघंही गोल गोल फिरतात. त्या गोलासाठी मी छोटी फंक्शन्स लिहिते. जागा आहे का बघ, पुढच्या खणात ठेव, सगळ्यात जुनं आधी काढ. म्हणजे प्रत्येकाला ते गणित नव्याने करून चुका करायला नकोत.

मग माझी तक्रारही ऐकवली. आमचा चंदन, माझा वरिष्ठ, हट्ट धरून बसलाय की एक खण कायम रिकामा ठेव. का, तर ठेवणारा आणि काढणारा एकाच खणाशी आले की गोल पूर्ण भरलाय की पूर्ण रिकामा आहे ते कळत नाही, दोन्ही सारखंच दिसतं. मी म्हटलं, मोजून ठेवलं की झालं, जागा वाया कशाला घालवायची? माझ्या आईने मला भाताचं शीत टाकू दिलं नाही, मी खण टाकू?

इनासमामा हसले नाहीत. त्यांनी जेवणाच्या गोल मेजाकडे बोट दाखवलं. चार खुर्च्या, आम्ही तिघं. चौथीवर मी पहिल्या दिवशी लॅपटॉपची पिशवी ठेवली होती तर मावशींनी उचलून बाजूला केली होती. ती खुर्ची कोणाची नाय गो, ती तशीच रवांदे, म्हणाल्या होत्या. मामांनी कारण सांगितलं. त्यांचे आजोबा पलीकडच्या तीरावर माणसं न्यायचे आणि होडीत एक जागा कायम रिकामी ठेवायचे, वाटेत कोणी हाक मारली तर घ्यायला. एका सणाला गर्दीपुढे त्यांनी तीही भरली. भर दुपारी एक वाजता होडी बुडाली. तेव्हापासून ती माणसं एक वाजता ह्या घराच्या दाराशी येतात म्हणे. मेजाशी रिकामी खुर्ची दिसली की त्यांना वाटतं, इथे अजून कोणीतरी यायचंय, आणि ती उंबऱ्याबाहेरून परत जातात. खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर मात्र आत येतात.

मी म्हटलं, मामा, तुम्ही आणि चंदन भाऊ भाऊ शोभाल.

रविवार, २७ एप्रिल

प्राजू आली! मितेश काल तिला उतरवून चहावरच परत गेला. पोरीने सकाळपासून अख्खं खळं डोक्यावर घेतलंय.

दुपारी मात्र खटका उडाला. मावशींनी प्राजूसाठी स्वयंपाकघरात पाट मांडला. माझं डोकंच फिरलं. आम्ही वर आणि माझी पोर एकटी खाली? सरळ उचलून चौथ्या खुर्चीवर बसवली. मावशी बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या, बघितलं, आणि भांडं ठेवून आत गेल्या. जेवण होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मागून बघते तर चुलीशी भिंतीला टेकून उभ्याने जेवत होत्या. माका उभ्यानंच बरां, म्हणाल्या.

सत्तर वर्षांची बाई, ते गुडघे. मला अन्न गोड लागेना.

सोमवार, २८ एप्रिल

आज मी ऐकलंच नाही. मावशींना हाताला धरून आणलं आणि त्यांच्या खुर्चीवर बसवलं, वर दम दिला की तुम्ही उठलात तर मी जेवणार नाही. बसतंय गो, म्हणाल्या, आणि बसण्याआधी क्रूसाची खूण केली. चारही खुर्च्या भरल्या. प्राजूने टाळ्या वाजवल्या. मामांनी घासच घेतला नाही, दाराकडे बघत होते.

काही झालं नाही. सोलकढी झकास होती.

फक्त हात धुवायला बाहेर गेले तर पडवीच्या पायऱ्यांवर ओली पावलं. बरीच. खाडीच्या बाजूने आलेली. परत गेलेली एकही नाही. उन्हात वाळायला हवी होती, वाळत नव्हती.

मंगळवार, २९ एप्रिल

नेहमीप्रमाणे लिहायला बसले होते. लिहिणार होते की आज मेजाशी आम्ही चौघं, इनासमामा, मी, प्राजू आणि त्या ओल्या लुगड्यातल्या बाई. आणि वरच्या पानावर नजर गेली.

आग्नेसमावशी. पानापानांवर. माझ्याच अक्षरात. मला ह्या नावाची कोणीही आठवत नाही. कोणीही नाही.

त्या बाई कोण, मग? मला वाटत होतं त्या इथल्याच. बोलत नाहीत. हाताची कातडी बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. कोपरातून पाणी गळतं, खाली चिखल साचतो. मामा मुकाट्याने त्यांना वाढतात. प्राजू माझ्या कुशीत शिरते.

आणि हा चंदनचा मेल आजच यावा! माझी मोजणी चुकते म्हणे. दोन्ही हात एकाच वेळी मोजायला आले की आकडा बिघडतो. भरलेला गोल रिकामा दिसतो आणि नवे निरोप जुन्यांवर लिहिले जातात, जुन्यातला जुना आधी. कुठे चुकीची सूचना नाही, काही नाही. जुने जणू कधी आलेच नव्हते. किशोरी, म्हणूनच म्हणत होतो, असं शेवटी लिहिलंय.

देवा, मी काय करून बसले?

बुधवार, ३० एप्रिल, सकाळ

मामांना वही दाखवली. आग्नेस? खंयची आग्नेस? म्हणाले. पण चुलीजवळ एक बायकी चष्मा आणि जपमाळ सापडली, ती हातात घेऊन लहान मुलासारखे रडले. कशासाठी रडतोय ते त्यांनाच कळत नव्हतं.

होडीची गोष्ट मात्र त्यांना आठवते. आजोबांनी सांगितलेला नियम असा की ह्या मेजाशी जो आधी बसलो तो आधी उठतलो. त्याच्या जागी त्यांच्यातला एक. रोज एक.

म्हणजे आज मामा. मी म्हटलं, चला, पळून जाऊ. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर ज्या पाण्यावर होडी चालवली त्याला पाठ दाखवून खंय जावचा, म्हणाले. मला म्हणाले, तू पोरीक बघ.

बुधवार, दुपार

वही सांगते की इथे इनास नावाचे एक मामा होते. सकाळी रडले. मला आठवत नाही.

मेजाशी दोन भिजलेली माणसं आहेत. आणि आम्ही दोघी.

पाचवी खुर्ची आणून मांडली. एक जागा रिकामी केली की झालं, असं वाटलं. वळून बघते तर खुर्चीची बैठक ओली. एक खुर्ची बाहेर फेकली, तर ती परत मेजाशी. आता उशीर झाला. गोल एकदा भरला की रिकामा करून होत नाही.

प्राजूला घेऊन शिरोड्याला पळाले. हॉटेलात चहा मागवला. चौघांचं टेबल. वेटर समोरच्या दोन खुर्च्यांपुढे पाण्याचे पेले ठेवून गेला. मी वर बघितलं—

बसली होती. तीच दोघं.

कुठेही गेलं तरी आमच्याबरोबरच. परत आले. मितेशला फोनवर ओरडून ओरडून सांगितलं की ये, काही विचारू नकोस, फक्त ये. सकाळी निघतो म्हणाला, पाचपर्यंत पोचेल.

गुरुवार, १ मे, बारा वाजता

हिशोब साधा आहे. आधी आग्नेस. मग इनास. मग मी, मी सोमवारी आले. प्राजू शनिवारी. म्हणजे आज एक वाजता मी. उद्या एक वाजता ती.

मितेश पाचला येतो. तो तिला घेऊन जाईल, मध्ये वीस तास आहेत, लांब, खूप लांब नेईल, शिरोडा तर जवळच होता. मेजापासून लांब, माणसांत ठेवील, कायम एक खुर्ची मोकळी ठेवील. सगळं चिठ्ठीत लिहून तिच्या फ्रॉकला पिन केलंय. तो मला विसरेल. विसरू दे. तिला विसरणार नाही, एवढं पुरे.

मार्करने तिच्या दंडावर बापाचा नंबर लिहिला. कशाला गं आई, म्हणाली. खेळ आहे म्हटलं. तर मार्कर हिसकावून माझ्या तळहातावर काहीतरी लिहिलंन आणि मूठ बंद केलीन. जेवल्यावर बघायचं, म्हणाली.

मला भीती नाही वाटत. खोटं. खूप वाटते. पण ती राहील. माझं सोनं राहील—

गुरुवार, दोन वाजता

जेवण झालं. मेजाशी चौघं. बाई, दुसरा तो माणूस, एक भिजलेला म्हातारा, आणि मी.

मी आहे अजून. का?

मितेशचा फोन आला होता. आंबोलीच्या घाटात गाडी थांबवून बसलाय. आपण कशासाठी निघालो तेच आठवत नाही म्हणाला. मलाही सांगता आलं नाही. परत जा म्हटलं.

दारात लहान चपला आहेत. माझ्या तळहाताएवढ्या. भिजलेल्यांपैकी कोणाच्याच पायाला येणार नाहीत.

शुक्रवार, २ मे, सकाळ

वही पहिल्यापासून वाचली. प्राजू. प्रत्येक पानावर प्राजू.

पहिल्याच पानावर आहे. मार्चमध्ये ती मेजाशी बसून शहाळं पीत होती. मी बाहेर फोनवर.

ती माझ्याआधी बसली होती. माझ्या आधी. मी शनिवारपासून मोजलं. मोजणी— परत माझीच मोजणी—

मला मुलगी होती. वही म्हणते. मी वाचते आणि काहीच वाटत नाही. परक्या कोणाचं वाचल्यासारखं. मी रडायला हवं ना? येत नाही. स्वतःला चिमटे काढले, थोबाडीत मारून घेतली. एक चेहरा येऊ दे. नुसता आवाज. काहीतरी येऊ दे रे देवा—

शुक्रवार, पाऊण

मूठ उघडायची राहिली होती. हात धुतानाही उघडली नव्हती, का ते माहीत नाही.

तळहातावर मार्करने लिहिलंय. वाकडी अक्षरं, आ उलटा. आई.

आई.

रडतेय. कोणासाठी ते कळत नाही पण रडतेय, थांबत नाही—

शुक्रवार, एकला पाच कमी

पाणी पडवीत आलं. पावलं. आज माझी पाळी.

वही पत्र्याच्या डब्यात घालून माडाखाली पुरायची होती, आता वेळ नाही. मेजावरच ठेवते. ज्याला मिळेल त्याने तिचं नाव मोठ्याने घ्यावं. एकदा तरी. पण अख्खं नाव कुठेच नाही, मी सगळीकडे प्राजू, प्राजू एवढंच लिहीत गेले, आपल्या पोरीचं अख्खं नाव कोण लिहितं रोजनिशीत—

थांबा. आठवतंय. बारशाचं. मीच ठेवलं होतं. दारात झाड होतं, खाली सडा पडायचा, पांढरा, केशरी देठ. त्या फुलाचं नाव. प्रा—