टाकी रिकामी असल्याबाबत

४ मार्च, सोमवार
आले एकदाची. गेस्टहाउस कारखान्याच्या आवारातच आहे. खोली स्वच्छ, पलंग कुरकुरत नाही आणि नळाला गरम पाणी आहे, आणखी काय हवं! पहिल्यांदाच ऑफिसने मला एकटीला पाठवलंय. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांत जायचं, पर्यावरणाचे नियम पाळले जातात का बघायचं, चुकत असेल तिथे दुरुस्ती सुचवायची, हे माझं काम. ताई मला ‘कारखान्यांची सासू’ म्हणते. दुसऱ्याच्या घरात खुसपटं काढायची आणि वर चहाही त्यांचाच प्यायचा.

मॅनेजर हसतमुख आहेत. काम सोपं असल्याचं म्हणाले. जमिनीखालची एक जुनी टाकी बंद करायची आहे. ती रिकामी आणि साफ आहे असं मी लिहून दिलं की त्यात काँक्रीट ओततील.

५ मार्च
दिवसभर फिरले. पिंपांवर नीट लेबलं आहेत, सांडलेलं पुसायची सोय आहे. खोट काढायला जागाच ठेवली नाही म्हणून जरा हिरमुसलेच. कँटीनच्या मावशींनी न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

टाकी मागच्या आवारात आहे. बोल्टांनी आवळलेलं लोखंडी झाकण, भोवती गवताची काडी नाही. मी वाकून बघत असताना आतून ठोकल्यासारखा आवाज आला. मॅनेजर म्हणाले, लोखंड आहे, उन्हाने तापतं, वाजतं. तेव्हा ढग होते.

६ मार्च
झाकणातलं तपासणीचं छोटं तोंड उघडून दोरीने गॅस मीटर खाली सोडला. आत प्राणवायू जवळपास नाहीच, विषारी वाफा मात्र भरपूर. माणूस दोन श्वासांत कोसळेल. तळाशी गाळही आहे. म्हणजे टाकी रिकामी नाही.

मीटर वर ओढताना दोरीला खालून हिसका बसला. अडकली असेल म्हणून मी सैल सोडली, तर कुणीतरी ती हलकेच पुन्हा ओढली. मग ठोका. दोन पटापट, जरा थांबून एक.

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. मॅनेजरांचं म्हणणं, दोन वर्षांपूर्वीच माणूस उतरवून टाकी साफ केली होती. तो माणूस कुठे आहे विचारलं. काम सोडून गेला म्हणाले.

७ मार्च
संध्याकाळी मावशी खोलीवर आल्या. तो माणूस म्हणजे त्यांचा नवरा. कंपनी सांगते की दुसरी बाई बघून पळाला. मावशी म्हणाल्या, आमचे हे साधी भाजी घ्यायची तरी मला विचारून घ्यायचे, ते कुठले पळतात. उशीर झाला की मी घाबरू नये म्हणून दारावर ठरलेली थाप मारायचे.

थाप त्यांनी टेबलावर वाजवून दाखवली. दोन पटापट, जरा थांबून एक.

मी ठोक्यांच्या त्या तालाबद्दल कुणाशीच बोलले नव्हते.  आता त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. झाकण कशाने उघडतं, एवढंच विचारलं.

८ मार्च
सकाळी मोरीच्या जाळीखालून तीच थाप आली. मी बादली टाकून बाहेर पळाले. नंतर स्वतःचाच राग आला. परत गेले, जाळीवर तशीच थाप दिली. खाली सगळं शांत झालं. कुणीतरी ऐकत असल्यासारखं.

मॅनेजरांनी तयार अहवाल पुढे केला. आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, आधीच्या तपासनीसांनीही दरवेळी टाकी साफ आहे म्हणून सही केली. त्यांना सुखाची झोप लागते.”

“माझ्या झोपेचं मी बघते,” म्हटलं.

ताईने फोनवर घरी ये म्हणून विनवलं. तिला सांगितलं, शेपूट घालून येणार नाही.

९ मार्च
मॅनेजरांच्या तक्रारीवरून ऑफिसने मला या कामावरून काढलं. सरकारी खात्यात फोन केला. आत कुणीतरी आहे म्हटल्यावर पलीकडच्या माणसाने घाईघाईने विषय आवरला. सोमवारी बघू म्हणाला. माझ्या सहीशिवायच काँक्रीट उद्या येतंय. आता ती थाप भिंतीतूनही ऐकू येते. कामगारांना येत असणारच — मशीन मोठ्या आवाजात चालवतात, मान खाली —

१० मार्च, सकाळ
झाकणावर बसले आहे. मी इथे नव्हतेच असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून लिहितेय. काँक्रीटची गाडी समोर उभी. ड्रायव्हर म्हणतो, बाई बसलेली असताना मी ओतणार नाही. मॅनेजर ओरडताहेत. ओरडू देत.

मावशी आल्या. हातात मोठा पाना. एकेक बोल्ट सोडवताहेत. वॉचमन अडवायला आला होता, त्यांच्याकडे बघून मागे सरकला.

भीती वाटते. खूप. तरी उठणार नाही.

मावशींनी थाप दिली. उत्तर आलं. पण एका हाताचं नाही. झाकणाखाली सगळीकडून — किती जणांना उतरवलं होतं यांनी —

मॅनेजर पांढरेफटक. पळताहेत.

शेवटचा बोल्ट. झाकण हलतंय, खालून. आमच्याच वजनाने अडलंय. बाजूला व्हायला हवं, त्यांना वर यायला — मावशी त्या बाजूने धरताहेत, मी इकडून —