तेवीस मुलांनी लिहून दिलेला कागद

मी, एर्मिलो बाउतिस्ता, वय ८१, राहणार सान मिगेल युकुनामा, प्रांत ओआहाका, पूर्ण शुद्धीवर आहे. हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिले आहे. दुसऱ्याला लिहायला सांगितले असते तर त्याने स्वतःचे नाव घुसडले असते.

१. घर, कोयता आणि शेळ्या पुतण्या रुतिलिओ याला. "काका, तब्येत कशी आहे?" असे तो दर रविवारी विचारतो, आणि विचारताना छपराकडे बघतो. शेळ्या बांधून ठेवाव्यात.

२. माझ्या मक्याच्या शेताच्या वरचा उतार त्याला नाही. तो उघडाबोडका कुणी केला यावर गाव कुजबुजते. लिहूनच टाकतो, माझ्या शेळ्यांनी. माती वाहून गेली, खाली मका धरेना. बारा वर्षांपूर्वी नेरेइदाबाई शाळेची तेवीस मुले घेऊन आल्या. म्हणाल्या, आडवे चर खणू, पाइनची रोपे लावू, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर मी सावध झालो. आज झाड लावणारा उद्या जमीन मागतो. म्हणून एकाच कागदावर प्रत्येक मुलाकडून सहीनिशी लिहून घेतले: 'या जमिनीवर आमचा काही हक्क नाही.' शिवाय मुले दर गुरुवारी कामाला यायची, तेव्हा घायपाताआड बसून पाळत ठेवली.

तिसऱ्या पावसाळ्यात चरांत वीतभर माती साठली. मला तिचाही संशय आला. ओतिलिया नावाच्या मुलीला विचारले, "ही कुणाची आणून टाकलीत गं? उद्या कोणी मागायला येईल."

"तुमचीच आहे, आजोबा. वाहून चालली होती, आम्ही अडवली. आणि घायपाताआड नका बसू, काटे लागतील. तुम्ही कधीचे दिसताय आम्हाला."

मला फार लाज वाटली. त्या वर्षी मका माझ्या डोक्याच्याही वर गेला.

३. म्हणून वरचा उतार, झाडांसकट, शाळेला. रुतिलिओ म्हणेल, मुलांचा हक्कच नाही, तसा कागद आहे. कागद पेटीत असे, आणि माझी पेटी कोण चोरून उघडतो हे मला ठाऊक आहे. तो कागद मी आज साक्षीदारांसमोर, म्हणजे नेरेइदाबाई आणि आता मोठी झालेली ओतिलिया यांच्यासमोर, चुलीत घातला.

"मग आता शाळेकडून काय लिहून हवंय?" बाईंनी विचारले.

"काही नको," मी म्हणालो.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग ओतिलिया हळूच म्हणाली, "आजोबा, शुद्धीवर आहात ना?"

म्हणून वर सुरुवातीला तसे लिहिले आहे.

सही: एर्मिलो बाउतिस्ता
साक्षीदार: नेरेइदा रोहास, निवृत्त शिक्षिका
ओतिलिया क्रूस, जळालेल्या कागदावर नववी सही
सान मिगेल युकुनामा, १४ मार्च २०१९