ओढायचं नाही

३ तारीख, सोमवार

कापलं! टाळूच्या कातडीची पट्टी सोलून पुढच्या दोन बसवलेल्या दातांभोवती शिवली. तिथली हिरडी सरकून आतला धातू उघडा पडला होता. जन्मभर लोकांचे नळ जोडले, वायसर झिजला की काय होतं ते मला कळतं. डॉक्टरीण म्हणते, बिडीनं हिरडी खाल्ली. खुर्चीतून उठताना ती काहीतरी सांगत होती. तोंड बधिर, कान घूं घूं. एवढंच ऐकू आलं — आता अजिबात ओढायचं नाही.

पट्टी रुजली नाही तर दोन्ही दात जाणार. मुलगा वाटेत म्हणाला, "बाबा, एक जरी ओढलीत तरी माझ्याशी गाठ आहे."

५ तारीख

ओढली नाही. सुनेनं दूध गरम दिलं म्हणून पेला भिंतीवर फोडला. ती काचा वेचत बसली.

६ तारीख

शेजारचा शिंपी माझ्या खिडकीशी उभा राहून फुंकत होता. मुद्दाम! सगळा धूर माझ्या अंगावर. गजांतून हात घालून त्याचं नरडं धरलं. त्याच्या बायकोनं येऊन सोडवलं. नसती आली तर?

८ तारीख

पट्टी जगते का मरते — जीव टांगणीला. घटकेघटकेला आरशापुढे जातो, ओठ उचलून बॅटरी मारतो. पांढरीफटक दिसते. आज रक्त आलं. पुन्हा पाहिलं.

१२ तारीख, बुधवार

काळी पडली. टाके तुटले.

डॉक्टरीण म्हणाली, "ओढलंत ना, बाबा?"

आईशपथ नाही, म्हटलं. मुलानं तिच्यासमोर मला खोटारडा म्हटलं. घरी येऊन माझी हत्यारांची पेटी उपडी केली, गादी सुरीनं फाडली. बिडी सापडेना. मग खुंटीवरचा माझा न धुतलेला सदरा हुंगला. त्यात शिंप्याचा धूर! गचांडी धरून मला भिंतीवर आपटलं, "मरेपर्यंत खोटंच बोला." पेटीतला पाना पायाशी पडला होता. उचलला. त्याच्या तोंडावर घातला. तो खाली बसला, ओंजळ रक्तानं भरली.

सून माझ्याकडे बघेना.

१३ तारीख

मेलेली पट्टी काढायला एकटाच गेलो. विचारलं, एक झुरका मारला नाही, मग मेली कशी?

डॉक्टरीण म्हणाली, "बिडीचं मी आधीच बजावलं होतं. नंतर 'ओढायचं नाही' म्हटलं ते ओठाचं. ओठ ओढून बघायचं नाही, टाके निघतात."

म्हणजे मीच! माझ्याच बोटांनी उपटली!

मुलाच्या खोलीचं दार आतून बंद. बाहेरूनच सगळं सांगितलं. ऐकलं की नाही, देव जाणे.

१४ तारीख

त्याचा पुढचा दात मुळासकट गेला. आज तो त्याच खुर्चीत, मी बाकावर. डॉक्टरिणीनं विचारलं, हे कशानं?

"जिन्यात पडलो," म्हणाला.

आमच्या घराला जिना नाही.