पायातली आग

मंगळवार, ११ नोव्हेंबर. कळंब.

सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडून मणका मोडला, त्याला वर्ष होत आलं. कमरेखाली काही कळत नाही. सकाळी पायावर गरम चहा सांडला, कातडी लाल झाली, मला पत्ता नाही. आणि त्याच पायात दिवसरात्र निखारे! हे कसलं दुखणं?

सोलापूरच्या डॉक्टरांनी परवा समजावलं. पायाची खबर मणक्यापाशीच अडते, मेंदूपर्यंत पोचत नाही. मग वरच्या नसा बिथरतात आणि आपल्या आपण ‘आग, आग’ ओरडत राहतात. पाय सुधारत असल्याची ती खूण नाही. मी दोनदा विचारलं.

आईचं मात्र पहिल्यापासून एकच. आग होतीय म्हणजे पायात जीव येतोय. मी कळवळलो की ती देवीला हात जोडते. शेजारणीला हसून सांगते, "रातभर वरडत हुता, आता उठतोय बघा."

आज संध्याकाळी त्या लाल डागाला खोबरेल लावता लावता तिनं विचारलं, "आज लई आग हाय का रं?"

"न्हाय आई. नव्या गोळीनं कमी झाली."

तिचं तोंडच उतरलं. मी डॉक्टरांचं सगळं परत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती गोळी नगं खाऊ. आलेला जीव माघारी जाईल."

राग तरी कुणावर काढू? माझ्यासाठीच मंगळवार धरलाय तिनं.

गोळ्यांचं पाकीट तिनं देवघरात, वरच्या फळीवर नेऊन ठेवलंय. खाटेवरून माझा हात तिथं पोचत नाही. आग पुन्हा सुरू झालीय. हाक मारली तर ती येईल, आनंदानं पळत येईल.